अठ्ठावीस दिवसांचे बळ

भिंतीसाठी माल घडवणाऱ्याने घाई केली, तर तिचे फळ त्याला स्वतःला क्वचितच भोगावे लागते. भोगतात ते त्या भिंतीआड निर्धास्त बसलेले. म्हणून या व्यवसायात आधी संयम शिकावा लागतो आणि वाढीचा विचार त्यानंतर करावा लागतो.

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. बेंबळीजवळच्या सिमेंट ब्लॉकच्या कारखान्यात माझे वास्तव्य. माझ्या दोन पोलादी तळव्यांमध्ये ब्लॉक ठेवून दांडा हलवला, की ब्लॉक किती भार सोसतो हे माझा काटा सांगतो. आरंभी रोजच्या मालातला एक ब्लॉक आदराने माझ्याकडे येई. पुढे मालक आण्णासाहेबांना विक्रीची घाई झाली. अठ्ठावीस दिवस पाणी मारून ब्लॉक पक्का करण्याची रीत सुटली आणि आठव्या दिवशीच माल गाडीत चढू लागला. मला कोणी विचारीना. माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे ठेवले जात. ब्लॉक वाटेतच फुटू लागले, गिऱ्हाईक तुटले, कारखाना बंद पडण्याच्या बेतास आला.

तेव्हा आण्णासाहेबांनी कारभार पाहण्यासाठी श्रीशैल यांना आणले. कौलांचा एक आणि फरशीचा एक, असे दोन बुडते कारखाने त्यांनी सावरले होते. आल्याबरोबर त्यांनी डबे उचलायला लावले आणि मला तेलपाणी केले.

त्याच आठवड्यात सास्तूरच्या सरपंच कमलबाई अंगणवाडीच्या भिंतींसाठी ट्रॅक्टर घेऊन आल्या. महिन्यातली ती एकुलती मागणी. ती हुकती, तर कारखान्याला कुलूप लागून चाळीस माणसांचे काम जाते. आणि तयार माल होता तो आठ दिवसांचा.

"भरा गाडी, साहेब," आण्णासाहेब म्हणाले.

"ब्लॉक अजून कोवळे हायत, आण्णासाहेब."

"कोवळे असाया ती काय काकडी हाय व्हय?"

श्रीशैल यांनी कमलबाईंच्या देखत एक ब्लॉक माझ्यात ठेवला. काटा पुढे सरकावा असे मलाही वाटले. परंतु यंत्राला दया करता येत नाही. ठरलेल्या भाराच्या निम्म्यालाच ब्लॉक दुभंगला.

"आज माल देत न्हाय, बाई. आणखी वीस दिवस पाणी मारतो, मग तुमच्यासमोर पुन्हा दाबतो."

आण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला. कमलबाईंनी त्यातला एक तुकडा उचलून हातात घेतला.

"भूकंपात माझी दोन माणसं भिंतीखाली गेली," त्या म्हणाल्या. "तीन कारखाने फिरले. समदे म्हणले, न्या. नका नेऊ म्हणणारे तुमीच. लेकरं बसतील अजून वीस दिस देवळात. पण काटा मी बघणार."

"बघा की. दांडाबी तुमीच हलवा."

विसाव्या दिवशी त्या आल्या आणि पदर खोचून दांडा हलवू लागल्या. ठरलेला भार ओलांडला, तरी ब्लॉक अभंग.

"माझाच हात दुखाया लागला की," त्या हसून म्हणाल्या. "भरा आता."

त्यांचा शब्द गावोगाव गेला. ढोकीहून, लोहाऱ्याहून मागण्या आल्या. ब्लॉक पाणी मारत ठेवायला दुसरे अंगण तयार करावे लागले. आता प्रत्येक ब्लॉकवर घडल्याची तारीख आण्णासाहेब स्वतः घालून घेतात. श्रीशैल मात्र आणखी एक आजारी कारखाना सावरायला गेले आहेत.

मित्रांनो, खरे सांगणारी साधने अडगळीत टाकू नका; त्यांना वेळेवर तेल द्या आणि त्यांचे ऐका. मी तृप्त आहे. श्रीशैल यांच्या हातून अशीच कामे घडोत, आणि सास्तूरच्या त्या भिंतींच्या सावलीत लेकरे सुखाने वाढोत.