चेलागात बाईंचा धीटपणाचा पेपर

चेलागात बाईंना पन्नासपैकी पन्नास पडले, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. केनियातल्या कप्साबेत गावच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेलं, त्यातली बारा वर्षं मुख्याध्यापिका. जास्त मार्कांचं उत्तर बाईंना लांबूनच दिसायचं. इथं तर प्रत्येक उत्तरापुढे मार्क छापूनच ठेवलेले. मग बाईंनी काय डोळे मिटून घ्यायचे?

निवृत्त शिक्षिकांची भिशी होती ती. शनिवारची दुपार, बाईंचं घर, सात जणी, चहा आणि तळलेल्या गोड पावासारखी गरम मंदाझी. निवृत्तीचा पैसा कुठं गुंतवावा हे सांगायला बाईंचाच जुना विद्यार्थी किप्रोनो आला होता. कुणाला किती धोका झेपतो ते बघायला त्यानं हा पेपर वाटला. ‘गुंतवलेला पैसा महिन्यात एक तृतीयांश घसरला तर काय कराल?’ घाबरून काढून घेईन, शून्य. वाट बघेन, तीन. आणखी घालेन, पाच. बाईंनी पाचावर झोकात खूण केली. शून्यावर करायला त्या काय खुळ्या होत्या?

बाकीच्या तरी कुठल्या मागं राहायला. सातही जणींना पंचेचाळीसच्या वर मार्क.

किप्रोनो कागद उलटसुलट करत राहिला. “बाई, नैरोबीतले सट्टेवालेसुद्धा इतके धीट नसतात हो.”

“मग, बक्षीस काय?” बाई नुसत्या फुलून गेल्या होत्या.

“तुमचे अठरा लाख शिलिंग सगळेच्या सगळे शेअर्समध्ये. तेही नव्या, लहान कंपन्यांच्या. म्हणजे सगळी गुरं एकाच कुरणात.”

बाईंनी हातातली मंदाझी बशीत ठेवली. त्यांच्या वडिलांनी आपली चाळीस गुरं पाच गावांतल्या पाच दोस्तांकडं ठेवली होती. एकीकडं रोग आला तरी चार गोठे शाबूत राहायचे. आणि इथं महिन्याची पेन्शन तर दूध नि उगालीसाठीच्या मक्याच्या पिठातच संपायची. म्हातारपणाला आधार या अठरा लाखांचाच. ते बुडाले तर बाईही बुडाल्या.

पण सहा जणींसमोर आणि स्वतःच्या विद्यार्थ्यासमोर कबूल कसं करायचं? बाईंचे कान लाल झाले.

“किप्रोनो, मी सगळं खोटं लिहिलंय,” त्या शेवटी म्हणाल्या. “मार्क बघून लिहिलं. केळी दहा शिलिंगानं महागली तरी मला झोप लागत नाही. दुसरा पेपर दे मला.”

मग शेजारी बसलेल्या जेपकोस्गेईनं हळूच बोट वर केलं. “मलापण एक.” बघता बघता सहाही जणींची बोटं वर.

या खेपेला बाईंना चौदा पडले.

“चौदा म्हणजे बहुतेक पैसा सरकारी रोख्यांत, थोडा बँकेत,” किप्रोनो म्हणाला. “शेअर्समध्ये अगदी चवीपुरता.”

बाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. “चौदा गं बायांनो. जन्मात इतके कमी पडले नव्हते मला.” आणि त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

“माझे अकरा,” जेपकोस्गेई ऐटीत म्हणाली.

“माझे तर नऊच,” खिडकीजवळून कुणीतरी.

बाईंचं हसू मावळलं. म्हणजे कमी मार्कांतही दुसऱ्याच पुढं? त्यांनी कागद परत ओढून घेतला आणि गुपचूप एक उत्तर खोडायला लागल्या.

किप्रोनोनं कागदावर हात ठेवला. “बाई, राहू द्या. हे चौदा तुमचे स्वतःचे आहेत. यांच्यावरच जगायचंय तुम्हाला.”

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, खोडरबर जेपकोस्गेईच्या अंगावर भिरकावला आणि पुन्हा खो खो हसत सुटल्या.