विहीर कोणी बांधली?

"अरे, ही विहीर राजस्थानातली आहे!" शितपबाईंनी कागद टेबलावर आपटले. जयगडजवळच्या शाळेत त्यांनी नववीच्या मुलांना गावातल्या जांभ्याच्या विहिरीची माहिती शोधायला सांगितली होती. साऱ्या वर्गाने मोबाईलवरचा एकच मजकूर उतरवला होता. दर्शनने तर 'अधिक वाचा'सुद्धा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

"गावात कोणालाच विचारलं नाहीत?"

सानिका कुरकुरत उठली. "मी विचारलं, बाई. आजोबा म्हणतात खोतांनी बांधली, शेजारच्या काकी म्हणतात गावकऱ्यांनी. दोघं भांडायलाच लागली. म्हणून मी ते सोडलं आणि मोबाईलवरचंच लिहिलं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, तेच तर हवं होतं! दोघांचं लिही, नावांसकट. मग आणखी कोणाला तरी विचारू."

"आणि तेही भांडले तर?"

"तर तेही लिही!"