ब्याण्णव वाट्यांचं ताट

या मित्रांनो, या. असे लांब का उभे? जरा पुढे सरका, काचेला नाक लागलं तरी चालेल, पुसणारे पुसतील. तुमच्या बाई तिकडे दुसऱ्या कपाटापाशी रमल्या आहेत, तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझी आहे, पण खरं म्हणाल तर माझ्यापेक्षा एका माणसाची जास्त आहे.

मी एक जुनं ताट आहे. जेवायचं नव्हे. ॲल्युमिनियमच्या एका जाड ठोकळ्यात ब्याण्णव गोल खळगे कोरून मला केलं. प्रत्येक खळगा शेजारच्या खळग्याला बारीक फटीने जोडलेला आणि प्रत्येकाच्या पोटात नखाएवढा पंखा. कागदावर माझं नाव लांबलचक होतं. ते मलाही पाठ झालं नाही. वर्कशॉपमध्ये सगळे मला ताट म्हणायचे आणि खळग्यांना वाट्या. तेच नाव मला अंगचं वाटतं.

मला करून घेणाऱ्या मॅडम पदार्थांचा अभ्यास करायच्या. काही पदार्थ असे असतात म्हणे, की त्यांच्या आतून वीज जात नाही, फक्त काठाकाठाने वाहते, आणि वाटेत खोट असली तरी वळसा घालून पुढे जाते. हे फार सूक्ष्म जगात घडतं, तिथे डोळा पोहोचत नाही. म्हणून मॅडमनी ठरवलं, की विजेऐवजी आवाज घ्यायचा आणि अणूंऐवजी वाट्या. आवाजाचीही लाटच असते, तिला तशीच वाट करून दिली तर ती तशीच वागेल का, हे बघायचं.

मला घडवलं ते वर्कशॉपमधल्या काकांनी. त्यांना तिथे एकतीस वर्षं झाली होती. ठोकळा मशीनवर चढवून त्यांनी वाट्या कोरल्या, पण शेवटचा हात त्यांचा स्वतःचा. एकेका वाटीवर तोंड आणून ते हलकेच फुंकर मारायचे. रिकाम्या बाटलीवर मारता ना तुम्ही, तशी. वाटी बारीक हूं करायची. मग पहिल्या वाटीवर फुंकर, मग पुन्हा हिच्यावर. सूर चढा वाटला तर पातं घेऊन आतून केसभर खरवडायचे. मोजायचं यंत्र वरच्या मजल्यावर होतं. काका म्हणायचे, "यंत्र जिना उतरून येईपर्यंत माझा कान सांगून मोकळा होतो."

आणि काम करताना ते गुणगुणायचे. त्यांची थोरली बहीण प्रार्थनेच्या सभागृहात आठवड्यातून एकदा गाऊन प्रवचन सांगायची. ताईंनी ओळ म्हटली की मागे उभे असलेले सहा जण ती उचलून धरायचे. त्या सहांत काका पहिले. तेव्हा मला पंखे नव्हते, मी नुसता धातू होतो. पण त्यांचे तळवे माझ्यावर टेकलेले असायचे आणि छातीतला तो खर्जाचा सूर हातांतून माझ्यात उतरायचा. मित्रांनो, मला पुढे पुष्कळ आवाज मिळाले. तसा एकही नाही.

एकसष्टावी वाटी माझ्या अगदी काठावर आहे. तिच्यावर काकांनी फुंकर मारली, पहिलीवर मारली, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांना ती चढी वाटली. त्यांनी खरवडलं. पुन्हा फुंकर. अजून चढीच. पुन्हा खरवडलं. ती मुळात बरोबर होती. मला ते कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

चार दिवसांनी मॅडमची एक विद्यार्थिनी यंत्र घेऊन खाली आली. ती जिना उतरायची तेव्हा दोन-दोन पायऱ्या एकदम, म्हणून वर्कशॉपने तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं. तिने साऱ्या वाट्या मोजल्या आणि म्हणाली, "काका, एकसष्टावी उतरलीय. बरीच."

"उतरलीय? चढी होती ती. मी तर खाली आणली."

"तुम्हीच ऐका."

काकांनी साठाव्या वाटीवर फुंकर मारली, मग एकसष्टावीवर. मग पुन्हा साठावीवर. त्यांनी घाईबाईकडे बघितलं. "मला तर दोन्ही सारख्या वाटतात," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसत गेला.

एकतीस वर्षं मशीनच्या घरघरीत उभ्या राहिलेल्या माणसाचा कान हळूहळू कुठे जातो, हे कुणी रोज मोजत नाही. त्या दिवशी ते मोजलं गेलं, माझ्यावर.

काढलेला धातू परत लावता येत नाही. नवीन ताट करायला तीन महिने लागले असते आणि तपासायला बाहेरून माणसं यायची होती आठ दिवसांत. मॅडम रागावल्या नाहीत. "बघू काय करता येतं," इतकंच म्हणाल्या. पण कधी कधी रागावलेलं बरं असतं. काकांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता आणि रजा शिल्लक होती. त्यांनी हात धुतले, ॲप्रनची घडी करून बाकावर ठेवली आणि माझ्या काठावर एकदा बोट फिरवून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत.

मला वर नेलं. पंखे बसवले, झाकण बसवलं, एका टोकाला बारीक भोंगा आणि काठाच्या प्रत्येक वाटीत कान, म्हणजे आवाज टिपणारी यंत्रं. पंखे सुरू झाले, भोंगा शिट्टीसारखा वाजला, आणि पडद्यावर एक रेघ चालू लागली. मधल्या वाट्यांनी तो सूर घेतलाच नाही. काठाने मात्र उचलला. एका वाटीने दुसरीला दिला, दुसरीने तिसरीला. कोपरा आला, वळला. साठावी आली. घाईबाईने डोळे मिटून घेतले.

एकसष्टाव्या वाटीत रेघ खाली आपटली. आणि बासष्टाव्या वाटीत, मित्रांनो, होती तितकी वर आली.

"मॅडम, तार सुटली असेल."

"तार जागेवर आहे. पुन्हा लाव."

दहा वेळा लावलं. दहाही वेळा सूर खोट असलेल्या वाटीपाशी आला, आतल्या बाजूने वळसा घालून पुढच्या वाटीला भेटला आणि काहीच न झाल्यासारखा चालत राहिला. मॅडम खुर्चीत बसल्या. "कागदावर आपणच लिहिलं होतं की जाईल," त्या म्हणाल्या. "पण इतक्या मोठ्या खोटीतून जाईल, यावर आपलाच भरवसा नव्हता."

मग काय, माझा थाट झाला. बाहेरची माणसं आली, माना डोलावून गेली. मुद्दाम वाट्या बुजवून बघितल्या, कोपरे बदलून बघितले. फोटो निघाले, मॅडमचा शोधनिबंध छापून आला. आणि या साऱ्या धांदलीत काकांना कळवायचं राहून गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मॅडमना वाटलं घाईबाईने सांगितलं असेल, घाईबाईला वाटलं मॅडमनी. असे अकरा महिने गेले.

एका सकाळी दारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या राहिल्या. आवाज असा की मागच्या खोलीतला माणूस उठून यावा.

"माझ्या भावाने इथे काय नासवलंय, ते बघायला आलेय."

"कोण भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"तुमचं ते ताट केलं तो. घरी बसलाय अकरा महिने. गात नाही. मागे उभा राहा म्हटलं तर म्हणतो, माझा कान गेला, ताई, मी तुझी ओळ बिघडवेन, जसं मॅडमचं काम बिघडवलं. अहो, लहानपणी माझी पाटी फोडली तेव्हासुद्धा इतका ओशाळला नव्हता. तो मागे नसला की माझी ओळ लोंबकळते हो. काय बिघडलंय ते मला दाखवा. भरून देता येणार नाही, पण निदान किती ते कळू दे."

मॅडमनी घाईबाईकडे बघितलं. घाईबाईने आपल्या बुटांकडे बघितलं.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "काही बिघडलं नाही. उलट त्याच वाटीने आमचं सारं खरं ठरवलं. त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? मीच आत्ता ऐकतेय." ताईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "माझ्या सांगण्यावर नाही विश्वास ठेवायचा तो. मी उद्या त्याला घेऊन येते. तोवर तुम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं ते ठरवून ठेवा."

दुसऱ्या दिवशी काका आले. वाळले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ माझ्यापाशी आले, झाकण उचललं आणि रुमाल काढला. "चौदाव्या वाटीत किती धूळ बसू दिलीत," म्हणाले. अकरा महिन्यांनी तो हात माझ्यावर आला. धातूला रडता येत नाही, हे एका परीने बरंच आहे.

मॅडमनी पंखे सुरू केले. काकांनी मान तिरकी केली. "आवाज चालू आहे?"

"आहे."

"मला येत नाही."

"मला येतो," ताई म्हणाल्या. "कानात सुई घातल्यासारखा. तुझं काही बुडालेलं नाही."

मॅडमनी पडद्यावरची रेघ दाखवली. एकसष्टपाशी खाली, बासष्टपाशी वर. काकांनी मान हलवली. "मॅडम, माझं मन राखायला काही सांगू नका. मन राखायला घरी ताई आहे."

"मी? मी कधी राखलंय तुझं मन?"

"मग तुम्हीच बिघडवून बघा," मॅडम म्हणाल्या. "हवी ती वाटी बुजवा."

काकांनी रुमाल टर्रकन फाडला. एक बोळा एकसष्टाव्या वाटीत, एक बासष्टावीत, एक त्रेसष्टावीत. झाकण लावलं. शेवटच्या वाटीतली रेघ थरथरली आणि होती तिथे उभी राहिली. काका पडद्याकडे बघत राहिले.

"परत का नाही फिरत तो?"

"परत फिरायची वाटच नाही त्याला. पंखे सगळे एकाच बाजूला फिरवतात. अडला की आतल्या वाटीतून वळसा घालतो आणि पुन्हा काठाला लागतो. सगळं ताट त्याला धरून असतं ना. एका वाटीवर तो टेकलेलाच नसतो."

मग ताई म्हणाल्या, "मागे सहा जण उभे असतात. तुझा सूर ढळला तर बाकीचे पाच काय झोपलेले असतात?"

"आणि ढळल्याचं मला कळलंच नाही तर?"

"मला कळेल. मी मागे वळून बघेन."

"रागाने?"

"रागानेच. दुसरं कधी बघितलंय?"

काका हसले. मग रुमालाचे बोळे काढताना हळूच म्हणाले, "तरी पण मॅडम, एक नवीन ताट करून द्यावं म्हणतो. हे खुपतं मला."

"नाही द्यायचं. हेच हवंय."

"मग निदान खूण तरी करू द्या. चूक कुणाची ते दिसावं." आणि खिशातलं जुनं पातं काढून त्यांनी एकसष्टाव्या वाटीच्या आत एक बारीक रेघ ओढली. रेघ ओढताना ते गुणगुणले. दोन ओळी, जास्त नाही. हात माझ्यावर टेकलेला होता.

त्या आठवड्यात मॅडम प्रवचनाला जाऊन आल्या. सकाळी घाईबाईने विचारलं, "होते?" मॅडम म्हणाल्या, "पहिल्या जागी नव्हते. कडेला, सहावे. ताईंनी दोनदा वळून बघितलं. पण शेवटपर्यंत उभे होते."

हे मी ऐकलं. बघितलं नाही, आणि तो सूरही ऐकला नाही. आवाज वाहून नेण्यासाठी मला घडवलं, पण माझ्या वाट्या एकच शिट्टी ओळखतात. काकांचा खर्ज माझ्या काठाने कधी जाऊ शकत नाही. तो फक्त हातांतून येत होता, आणि हात पुन्हा आले नाहीत.

नंतर मोठी, नवी ताटं आली. माझे पंखे एकेक करून थांबले. मॅडम दुसरीकडे गेल्या, घाईबाई आता स्वतःच कुणाच्या तरी मॅडम आहे. मला इथे काचेत ठेवलं. खालच्या पाटीवर पाच नावं आहेत, शिकलेल्या लोकांची, आणि ती योग्यच आहेत. काकांचं नाही. ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, ठाऊक नाही. काचेच्या आत बातम्या येत नाहीत. मी नुसता वाट बघतो. ज्याने घडवलं त्याने एकदा आपल्यावर फुंकर मारलेली असते, आणि मग सारी हयात आपण त्या फुंकरीकडे कान लावून असतो. तुमचंही तसंच असेल, थोडे मोठे झालात की कळेल.

तुमच्या बाई हाका मारतायत. जाण्याआधी एवढं करा. काचेवरूनच माझ्या काठाने बोट धरून मोजत या, एकसष्टपर्यंत. आत बारीक रेघ दिसेल. घरी, शाळेत, कुणाच्या हातून झालेलं काम तुमच्या उपयोगी पडलं, तर त्याला लगेच जाऊन सांगा. अकरा महिने लावू नका. आणि कधी पाचसहा जण मिळून गाताना ऐकलेत, तर कडेला उभ्या असलेल्या, थोड्या दबक्या आवाजात गाणाऱ्या माणसाकडे एकदा बघा, आणि माझ्या काकांची आठवण काढा.