चौथ्या प्रयोगाचं नाव

"यातला कर्ता काढ," म्हणत मुख्य अभियंता प्रेकुप यांनी अहवालाचा कागद सेव्हेरच्या टेबलावर परत ठेवला.

सेव्हेरने लिहिलं होतं, त्या सकाळी मुख्य अभियंत्यांनी वायू मोजायला माणूस पाठवला नाही. खाणीत वायू पेटून नऊ जण जळून मेले होते.

"'वायू मोजला गेला नाही' असं टाक. खोटं थोडंच आहे?"

सेव्हेरने टंकयंत्रात नवा कागद चढवला.

तेवीस वर्षं सेव्हेर आणि मी एकाच खोलीत कारकुनी करत होतो. जेवणाच्या सुट्टीत तो एका वहीत स्वतःची भाषा रचायचा. जगात कुणीच न बोलणारी. तिच्या क्रियापदांना त्याने प्रयोगाचे चार प्रत्यय केले होते. माणूस करतो, तो 'हात'. दुसऱ्याने केलेलं सोसतो आणि त्या दुसऱ्याचं नावही घेतो, तो 'दगड'. स्वतःचंच काही करतो, दाढी म्हणा, जीव देणं म्हणा, तो 'आरसा'. चौथा, कोणी केलं ते सांगायचंच नाही तेव्हाचा. त्याला नाव सुचत नव्हतं. मी 'धुकं' सुचवलं होतं. तो म्हणाला, "धुकं आपोआप येतं, व्हेतुरिया. हे कुणीतरी करतं."

पुढच्या आठवड्यात, मेलेल्या नऊ जणांतल्या गाव्रिलची बायको रावेका अहवालाची प्रत घ्यायला आली. उभ्यानेच, ओळीखाली बोट फिरवत तिने तो वाचला.

"मोजला गेला नाही. कुणी मोजला नाही?"

"अहवालात एवढंच आहे, बाई."

"मी अहवालाला नाही विचारत. तुम्हाला विचारतेय."

सेव्हेरने सहीची वही पुढे सरकवली. तिने सही केली आणि ती गेली. मग त्याने आपली वही काढली आणि चौथ्या प्रत्ययापुढे लिहिलं, सेव्हेर. स्वतःचं नाव कुणी असं देतं का, असं मी म्हटलं. त्याने वही खणात टाकली. ती पुन्हा बाहेर आलेली मी पाहिली नाही.

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी असते त्या प्रार्थनेला आम्ही चर्चमध्ये गेलो. रावेका गाव्रिलच्या नावाने शिजवलेला गोड गहू वाटत होती. वाटी घेणाऱ्याने म्हणायचं असतं, देव त्याला क्षमा करो. सेव्हेरची पाळी आली तेव्हा तो वाकून हळूच म्हणाला, "प्रेकुपनं माणूस पाठवला नव्हता. मला माहीत होतं."

रावेकाचा हात थांबला. "हे लिहून द्याल?"

मागे रांग खोळंबली होती. तिने जरा वाट पाहिली, मग वाटी त्याच्या हातात दिली.

"म्हणा," ती म्हणाली.

"देव त्याला क्षमा करो."

"गाव्रिलनं काय केलं होतं?" एवढं विचारून ती पुढच्या माणसाकडे वळली.

लोक पांगले, बायकांनी पातेली विसळली. सेव्हेर भिंतीपाशी उभाच होता. वाटी भरलेली होती आणि चमचा गव्हात तसाच रोवलेला.