मुलुंडच्या कोळिणीचं बारसं

मी कोळीण बोलतेय. थांबा, पिशवी शोधू नका! पापलेट, बोंबील यातलं काही माझ्याकडे नाही. मी आठ पायांची, आठ डोळ्यांची, तांदळाच्या दाण्याएवढी कोळीण. जाळं विणून त्यात लोळत पडायची आमच्या घराण्यात रीत नाही. आम्ही भक्ष्य बघतो, अंदाज घेतो आणि थेट उडी मारतो.

अशाच एका उडीनं माझं नशीब पालटलं. मुलुंडला डोंगराच्या बाजूला एक इमारत आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत मी राहायचे. त्या दुपारी आत टेबलावर एक उजळ चौकोन दिसला आणि त्यात एक पांढरा बाण सुळकन इकडून तिकडे पळताना दिसला. एवढी चपळ माशी मी जन्मात पाहिली नव्हती! घेतली झेप. बाण पळाला. पुन्हा झेप, पुन्हा हुकली.

लॅपटॉपसमोरची मुलगी किंचाळली, पण आनंदानं. "आई, लवकर ये ना! ही कोण आहे बघ!"

ही प्रियंका. कोळ्यांवरच पीएचडी करत होती. अख्ख्या मुंबईत मला बघून नाचेल अशी एखादीच मुलगी असणार, आणि मी धडपडले ती नेमकी तिच्या पडद्यावर. तिची आई शकु, पोस्टात नोकरीला. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"कोळी आहे. त्यात काय?"

"अगं, पण कुठला कोळी?"

मग प्रियंकानं भिंग काढलं आणि मला चाळायला घेतलं. पाय आठ, म्हणजे कीटक नाही. समोर दोन मोठाले डोळे, म्हणजे उड्या मारणाऱ्यांच्या कुळातली. आधी मोठी चाळणी, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटच्या चाळणीत मी अडकले ती अडकलेच. पाठीवर केशरी पट्टा, पायांना पांढरी झालर, अशी कोळीण तिच्या एकाही पुस्तकात नव्हती.

शकु हात धुऊन आली. "काय गं, आपण जात सोडून दिली, आणि तू कोळ्याची जात शोधत बसलीस?"

"जात नाही आई, प्रजाती. ज्यांचा आपसात संसार होतो, पोरं होतात आणि त्या पोरांनाही पोरं होतात, त्यांची एक प्रजाती."

"मग माणसांच्या किती?"

"एकच."

"सगळ्यांची मिळून?"

"सगळ्यांची मिळून."

"हे मला आधी नाही सांगायचं? थांब, उद्या ऑफिसात एकेकाला गाठून सांगते!"

त्या दिवसापासून शकु माझ्या पक्षात आली. प्रियंकानं मला एका भोकाभोकांच्या डब्यात ठेवलं होतं; शकु पिकलेल्या केळ्यावर चिलटं जमवायची आणि त्यात सोडायची. मी टुणकन उडी मारून चिलट धरलं की "झकास!" म्हणून टाळी वाजवायची. मीही मग जरा जास्तच उंच उडायचे.

प्रियंकाचे मार्गदर्शक श्यामकांत सर संग्रहालयातून मला बघायला आले. पाहिलं आणि गंभीर झाले. "नवी वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी एका साहेबानं अशीच एक कोळीण पकडून विलायतेला नेली होती. ती आणि ही एकच निघाली, तर तिचंच नाव हिला. आधी ठेवलेलं नाव टिकतं, हा नियम आहे. खात्री करायची तर हिला अल्कोहोलात घालून पोटाखालची खूण बघावी लागेल."

तोवर डब्याच्या कोपऱ्यात रेशमाच्या पिशवीत मी अंडी घातली होती. शकु डब्यासमोर उभी राहिली.

"सर, माझ्या घरातल्या बाळंतिणीला कुणी दारूत बुडवायचं नाही!"

सर चाचरले. "पण दुसऱ्या कुणाला अशी कोळीण सापडली आणि त्यानं आधी छापलं, तर प्रियंकाच्या मेहनतीची वाट लागेल."

प्रियंकानं नखं कुरतडली. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "लागू दे, सर. मी थांबते."

अंडी फुटली, आणि डब्याच्या भोकांतून मोहरी सांडावी तशी माझी पिल्लं घरभर पसरली. शेजारच्या राधाकाकी धावत आल्या. "गो बाय, तुझ्या नातवंडांक आवर! एक माझ्या चष्म्यार येऊन बसलो हा!" शकु हसून हसून खाली बसली. मग मायलेकींनी पिल्लं पकडून डोंगराकडच्या झाडांवर नेऊन सोडली. पकडली तेवढी.

आम्हा कोळिणींचं आयुष्य ते केवढं! हिवाळ्यातल्या एका दुपारी उन्हात पाय आखडून मी बसले आणि पुन्हा उठले नाही. शकुनं डोळे पुसले आणि स्वतःच म्हणाली, "आता घाल बाटलीत. नीट घाल हं." मेल्यावरची हकिगत मला कशी कळली, असलं विचारू नका. बाटलीतून सगळं स्वच्छ दिसतं.

विलायतेहून त्या जुन्या कोळिणीचे फोटो आले. तिच्या पोटाखालची खूण चंद्रकोरीसारखी. माझी? घंटेसारखी! श्यामकांत सर, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते प्रयोगशाळेत एका पायावर नाचले. लेख छापून आला. आधी कुणीच छापलं नव्हतं!

आमच्या शास्त्रीय नावाची तऱ्हा मतदार यादीसारखी, आडनाव आधी. ते गोतावळ्याचं आडनाव आधीपासून होतंच. पुढचं नाव प्रियंकानं ठेवलं, 'शकुए'.

"हे 'ए' काय लावलंस?" शकुनं विचारलं.

"लॅटिन आहे. म्हणजे शकुची."

शकुनं ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ऑफिसात मॅडम, घरात आई. शकु म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं गं."

आणि मग तिनं चक्क बारसं केलं! मजलाभर घुगऱ्या वाटल्या. राधाकाकी गालावर हात ठेवून म्हणाल्या, "कोळ्याचा बारसा? आणि ता तर मेला!"

"काकी, हिच्या एकटीचं कुठे आहे?" प्रियंका म्हणाली. "हिच्यासारख्या जगात असतील नसतील त्या सगळ्यांचं आहे. पुढे कुणाला शंका आली की हिच्याकडे येऊन ताडून बघायचं."

तर आता मी संग्रहालयातल्या कपाटात असते, मूळ नमुन्याची लाल चिठ्ठी लावलेल्या बाटलीत. माझा केशरी पट्टा थोडा फिकटलाय, पण तोरा तसाच आहे. कोणकोण येतात, मला भिंगाखाली धरतात, माना डोलावतात. एक बाटली, पण केवढा मान!

जाता जाता एवढंच सांगते. तुमच्या खिडकीत अशी कुणी टुणकन आली, तर झाडू जरा आवरा. वाकून विचारा, "बाई, तुम्ही कोण?" ती उत्तर देणार नाही, कारण तिलाही ते ठाऊक नसेल. मला तरी कुठे ठाऊक होतं, मी कोण ते!