खालचं कुरण

लिफ्टवाल्या काकांचा उभा जन्म खरोखरच उभ्यात गेला होता. इमारतींच्या पोटातल्या अरुंद, अंधाऱ्या पोकळीत, ग्रीसने माखलेल्या दोरांच्या मध्ये ओळंब्यासारखं लटकून त्यांनी लिफ्ट दुरुस्तीची नोकरी केली. वर बघावं तर काळोख, खाली बघावं तर खड्डा. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांना काहीतरी आडवं, पसरलेलं, नजर पोचणार नाही असं हवंसं वाटलं, यात नवल नव्हतं. काकूंनी आयुष्यभर लाँड्री चालवलेली. त्यांचं मागणं साधं होतं, कपडे उन्हात वाळावेत, मशीनमध्ये नव्हे. शहरातलं घर विकून दोघांनी गावाबाहेर जमीन घेतली.

जमिनीबरोबर एक बैठं घर मिळालं, आणि घराहून मोठा तबेला. आठ घोड्यांची आठ ठाणं, खोगिरं ठेवायची खोली, घोडे फिरवायला वाळूचं गोल रिंगण, आणि मागे उतारावर एकाखाली एक तीन कुरणं. काकांना घोड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तबेल्यात लोखंड कातायचा लेथ बसवायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. सगळं ठरलं, सह्या व्हायच्या राहिल्या, आणि घोडं अडलं ते नेमकं घोड्यावरच.

जमीन विकणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. अंगाने काटक, पण गुडघे गेलेले. यजमान वारल्यावर त्यांनी एकटीने बरीच वर्षं तबेला चालवला, शेवटी घोडे विकले आणि शहरात एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेल्या. एक तांबडी घोडी तेवढी उरली. ती म्हातारी होती, आणि तिला कुणी घेईना.

"एक ठाण मला भाड्याने द्या," त्या म्हणाल्या. "रोज येईन, तिचं मी बघेन. तुम्हाला त्रास नाही."

घरी येताना काकू हसत सुटल्या. "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! आपल्याला तर व्याहीही नाही."

"एकच तर घोडी आहे," काका म्हणाले.

एका घोडीवर कुठलं भागायला! तबेला पुन्हा सुरू झाल्याची बातमी पसरली. पहिली आली दातांची डॉक्टर, तिचा पांढरा घोडा घेऊन. मग बेकरीवाला आला. त्याला पहाटे पाव भाजून झाले की जिवाला विरंगुळा म्हणून दोन घोडे पाळायचे होते, पण दुकानाच्या मागे जागा नव्हती. वर्ष उलटायच्या आत आठही ठाणं भरली. लेथ ओसरीत ताडपत्रीखाली पडून राहिला. काकूंना मात्र हा धंदा एकदम कळला. "लोकांचे कपडे सांभाळले तसे घोडे सांभाळायचे," त्या म्हणत. "ज्याचं त्याला धड परत दिलं की झालं. फक्त घडी घालता येत नाही."

काका घोड्यांना भीत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण घोड्यांना ते कळलेलं होतं. काका पाण्याची बादली घेऊन गेले की पांढरा घोडा मुद्दाम त्यांच्या टोपीला नाक लावी, आणि काका बादलीसकट मागे सरकत. तरी दुरुस्तीची कामं त्यांनी झपाट्याने केली. कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या बोलायच्या थांबल्या. पाण्याच्या टाकीला तरंगणारा गोळा बसला. रिंगणात दिवे आले.

पण मालकी म्हणून जी काही असते, ती मिळेना. बाई रोज सकाळी पहिल्या बसने यायच्या. घोडीला खरारा करून झाला की सगळ्या तबेल्यातून एक चक्कर व्हायची. हे गवत दमट आहे, परत पाठवा. ही खिडकी उघडी ठेवा. या घोड्याला त्याच्या शेजारी बांधू नका, दोघांचं पटत नाही. आणि त्यांचं बरोबर असायचं, हेच तर दुखणं! भाडेकरू काही विचारायचं असलं की काकांना ओलांडून त्यांच्याकडे जात. त्यांना सगळे मालकीणबाई म्हणत. काकांना काका म्हणत.

"आपल्याच घरात मी पाहुणा झालोय," काका एकदा जेवताना बोलले.

"मग बोला ना त्यांना."

"काय बोलू? गवत खरंच दमट होतं."

असंच चाललं असतं. पण त्या वर्षी उन्हाळा लांबला आणि वरची दोन्ही कुरणं घोड्यांनी मुळापर्यंत खाल्ली. सगळ्यात खालचं तिसरं कुरण मात्र हिरवं, गुडघाभर गवताचं, आणि फाटकाला साखळी लावून बंद. ते बंदच ठेवायचं, हा मालकीणबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक होता.

"ती जमीन पाणथळ आहे," त्या म्हणत. "घोड्याचा पाय रुतला की मोडलाच समजा."

काकांनी ते मुकाट्याने ऐकलं होतं. पण दातांच्या डॉक्टरने एक दिवस काकूंना हळूच सांगितलं की तिला दुसरीकडे जागा बघावी लागेल, नुसत्या वाळल्या गवतावर घोडा उतरत चाललाय. बेकरीवालाही मान खाली घालून तेच बोलला.

त्यानंतर दोन दिवस पाऊस लागून राहिला. उघडल्यावर काका कुंपण बघायला रस्त्याकडेने गेले. उताराच्या पायथ्याशी वाहणाऱ्या ओढ्याच्या काठाशी गवतात त्यांना पाण्याचा आवाज आला. गवत बाजूला केलं, तर मातीतून एका पाईपचं तोंड बाहेर आलेलं आणि त्यातून स्वच्छ पाण्याची धार वाहत होती. पुढे तसंच दुसरं तोंड. काका उकिडवे बसले. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं की ते कुठून येतं आणि कुठून काढायचं, यात त्यांची हयात गेली होती. हे पाणी खालच्या कुरणाखालून येत होतं. कुणीतरी तिथे चर खणून, पाईप पुरून, जमीन नीट निचऱ्याची केली होती.

त्यांनी घरातून पहार आणली आणि सगळं कुरण पावलोपावली ठोकून पाहिलं. जमीन घट्ट होती. रस्त्याकडचा एक कोपरा सोडला तर बूटही भिजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी तबेल्यात कुणालाही न विचारता एक निर्णय घेतला. साखळी काढली. डॉक्टर आणि बेकरीवाला आपापले घोडे घेऊन खाली गेले. घोडे आधी बुजले, मग माना खाली घातल्या, आणि गवत तुटण्याचा तो कराकरा आवाज काकांना फाटकापर्यंत ऐकू आला.

मालकीणबाई आल्या तेव्हा सगळे तिथेच उभे होते. बाई काठी टेकत उतारावरून आल्या. चेहरा पांढराफटक पडलेला.

"कुणी उघडलं हे?"

"मी," काका म्हणाले. "पहारीने बघितलं. खाली पाईप आहेत, निचरा होतोय."

"पाईप! मला सांगताय पाईप? तुम्ही जागा विकत घेतलीत, अक्कल नाही घेतलीत. घोडे बाहेर काढा."

एवढ्या लोकांदेखत. काकांची कानशिलं तापली. "बाई, जागा विकलीत ना तुम्ही? मग विकलीत. आता ती माझी आहे."

 मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घोड्यांकडे. त्या वळल्या, तबेल्यात जाऊन तांबडीला ठाणात बंद केलं, "हिला तिथे सोडायचं नाही" एवढं काकूंना बजावलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. तांबडीचं सगळं काकांवर पडलं. भीतभीत ते तिला पाणी देत, खालची लीद काढत. सगळे घोडे खाली चरायला गेले की ती दारावर छाती टेकून खिंकाळे. ऐकवत नसे.

"सोडा ना तिलाही," बेकरीवाला म्हणाला.

"तिचा मालक मी नाही," काका म्हणाले, आणि तिची बादली भरायला गेले.

आठवडा गेला तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, जाऊन या. म्हातारं माणूस आहे. रागापायी एवढे दिवस घोडी सोडून राहणार नाही ती."

काका शहरात गेले. बाईंच्या इमारतीत शिरले आणि दारातच थबकले. लिफ्टच्या जाळीला दोरी बांधून 'बंद आहे' असा पुठ्ठा टांगला होता. काकांनी जाळीतून आत पाहिलं. केबिन तळाला बसलेली, ब्रेकचा पट्टा जळाल्याचा वास अजून येत होता. जिने चढून ते चौथ्या मजल्यावर गेले.

बाईंनी दार उघडलं. "घोडी बरी आहे?"

"बरी आहे. लिफ्ट कधीपासून बंद आहे?"

"तुमचं माझं झालं ना, त्याच संध्याकाळपासून."

"मग फोन का नाही उचललात? सांगायचं तरी!"

"राग आला होता म्हणून. लिफ्ट बंद होती हेही खरं, आणि राग होता हेही खरं. मला दोन्हींचा उपयोग झाला."

काकांना हसू आलं. त्यांनी आपल्या हाताखाली शिकलेल्या मेकॅनिकला फोन लावला, काय जळलंय आणि काय घेऊन ये ते सांगितलं. तो उद्या येणार होता. "तोवर बसून राहायचं, का यायचं माझ्याबरोबर?" काका म्हणाले.

बाईंनी काठी घेतली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने काकांचा दंड. एक पायरी, मग थांबणं. तिसऱ्या मजल्यावर त्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या आणि बाहेर बघत म्हणाल्या, "ते पाईप आमच्या यांनी घातले."

काकाही कट्ट्याला टेकले.

"मी म्हणत होते, पाणथळ ते पाणथळच. पैसे मातीत घालू नका. हे ऐकेनात. सबंध हंगाम स्वतः चर खणले. आमचं बोलणं बंद! मी ताट पुढे ठेवायचे, ते जेवायचे, पण बोलणं नाही. काम संपलं आणि म्हणाले, पुढच्या पावसानंतर बघ, तूच घोडे सोडशील. तो पाऊस यायच्या आधी ते गेले."

"आणि पाऊस आल्यावर?"

"पाहिलं ना मी. पाणी साचलं नाही, मला दिसत होतं." त्यांनी काठीचं टोक फरशीवर फिरवलं. "फाटक उघडायचं म्हणजे हरले म्हणायचं. आणि म्हणायचं कुणाला? ज्याला ऐकायचं होतं तो नाही. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. पाणथळ आहे, पाणथळ आहे, असं इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं."

 काकांना वाटलं होतं, आपण गवत उघडतोय. उघडलं ते भलतंच. जमीन घेताना घर, तबेला, विहीर सगळं दाखवतात, पण त्या जागेवर कोण कुणाशी भांडलं होतं आणि ते भांडण कुठे अर्धं राहिलं, हे कुणी दाखवत नाही. तेही पदरात पडतंच.

"मी त्या दिवशी बोलायला नको होतं तसं," ते म्हणाले.

"का नको? खरं होतं. मी विकली ती जागा." त्या उठल्या. "चला, अजून बरेच जिने आहेत."

तबेल्यात पोचल्यावर तांबडीने त्यांचा आवाज ओळखून दारावर लाथ मारली. बाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला, मग दोर काकांच्या हातात दिला.

"उतार मला झेपायचा नाही आज. तुम्ही न्या."

"मी?"

"चावत नाही ती. दात तरी कुठे राहिलेत धड."

काका निघाले. दोर त्यांनी होईल तेवढा लांब धरला होता. घोडी मात्र शहाण्या बाईसारखी त्यांच्या खांद्यालगत चालत राहिली. फाटकातून आत गेल्यावर तिने जमीन हुंगली, पाय फाकवले, आणि निवांत, बराच वेळ, मुतली. कुंपणाशी उभी असलेली डॉक्टर हसायला लागली. मग तांबडीने मान खाली घातली.

"कोवळं गवत आहे," वरून बाईंचा आवाज आला. "थोड्या वेळाने बाहेर काढा तिला, नाहीतर पोट फुगेल!"

पुढे डॉक्टर राहिली, बेकरीवालाही राहिला. पुढच्या पावसाळ्यात रस्त्याकडचा तो कोपरा चिखलाने भरला. तेवढ्या बाबतीत बाईंचंच खरं ठरलं, आणि त्यांनी ते सगळ्यांना फिरफिरून दाखवलं. काकांनी तिथे वेगळं कुंपण घातलं. सकाळची चक्कर चालूच आहे. पण आता बाई आधी काकांना गाठतात, "हे तुम्हाला चालेल का?" असं विचारतात, आणि नाही म्हटलं तर तासभर हुज्जत घालतात. सध्या तबेल्याच्या छतावरून जुंपलेली आहे. काकांना पत्रे बदलायचे आहेत, बाईंच्या मते जुने अजून दहा वर्षं टिकतील. काकू चहा घेऊन जातात तेव्हा दोघंही मान वर करून छताकडे बघत असतात.