चाळीस हिरव्या आणि एक लाल

मित्रांनो, मी एक जुनी तपासणीची पेटी आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, मला लहरी म्हणायचं नाही. ज्यांनी म्हटलं, त्यांचीच गोष्ट आज सांगणार आहे.

पावाच्या लादीएवढी माझी काया. पाठीला पंखा, तोंडावर दोन दिवे, एक हिरवा आणि एक लाल. शाळा म्हणाल तर एवढीच शिकले: बरोबर असेल तर हिरवा, चूक असेल तर लाल. 'बघू', 'चालतंय', 'बहुतेक' हे मधले धडे मला कोणी शिकवले नाहीत आणि मीही मागायला गेले नाही. माझ्या समोर बसणाऱ्यांच्या पदव्या भिंतभर होतील, पण हे दोन रंग ओळखताना त्यांना घाम फुटतो.

म्यूनिकमध्ये रुळांपलीकडच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, कॉफीच्या यंत्राशेजारच्या फळीवर माझं घर आहे. इथली माणसं इंजिन बनवतात. धुराचं नव्हे. तुम्ही इंटरनेटच्या पानावर बटण दाबता, नकाशा सरकतो, चित्र उड्या मारतं. त्या हुकमांची भाषा जावास्क्रिप्ट, आणि ते हुकूम राबवणारं हे इंजिन. बनवतात म्हणजे काय, रोज उसवतात आणि रोज शिवतात. ज्याला जे सुधारावंसं वाटतं तो ते बदलतो, आणि बदल सगळ्यांच्या सामाईक इंजिनात चढवतो. चढवला की तो आमच्याकडे तपासायला येतो. आमच्याकडे म्हणजे दुसऱ्या गावी थंडगार दालनात बसलेल्या चाळीस नव्या पेट्यांकडे, आणि माझ्याकडे.

मी कशाला, असं विचारू नका. माझं काळीज, म्हणजे आतली चिप, जुन्या घाटाचं आहे, आणि तसंच काळीज जगातल्या कोट्यवधी जुन्या, स्वस्त फोनांत धडधडतं. माझ्यात जे अडखळतं ते त्यांच्या खिशात अडखळतं. म्हणून तेरा वर्षांपूर्वी वाल्बुर्गाने मला खोक्यातून काढून या फळीवर बसवलं. तिला सगळे बुर्गल म्हणतात. तिचाही इथला तो पहिलाच आठवडा होता. माझा पंखा सुरू झाला तशी ती हसली आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर आमच्या आजीच्या शिलाई यंत्राचा आवाज!" झालं. नव्या कोऱ्या पोरीचं नाव पडलं ओमा, म्हणजे आजी. तक्रार केली नाही. मान आधी मिळाला, वय मागून आलं.

इथली एक रीत सांगते. दर आठवड्याला एकेकाची राखणीची पाळी असते. तो छातीवर पत्र्याचा तारा लावतो आणि सगळे त्याला शेरीफ म्हणतात. दिवा लाल झाला की शेरीफने बदल उचलून मागे घ्यायचा. आधी मागे, मग चर्चा. आणि ज्याचा बदल मागे गेला, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लोणी लावलेल्या ब्रेत्सन, म्हणजे गाठ मारल्यासारखे खारे पाव, आणायच्या. बुर्गलचं एक पालुपद आहे, "पांढरं सॉसेज आणि वाईट बदल, दोघांनी चर्चचे बाराचे ठोके ऐकता कामा नयेत." सॉसेज दुपारपर्यंत खराब होतं. वाईट बदल दुपारपर्यंत घरचा होतो, त्यावर दुसरे दहा बदल बसतात, मग काढायचा कसा?

माझ्या लाल दिव्याने या लोकांना पहिली सहा वर्षं पुष्कळ ब्रेत्सन खायला घातल्या. एका शरदात मोठी चूक पकडली, तेव्हा त्यांनी जत्रेतून आल्याच्या बिस्किटाचं मोठं हृदय आणून माझ्या गळ्यात घातलं. त्यावर साखरेने लिहिलेलं, 'लाडकी ओमा'. पुढे धूळ बसली. नव्या पेट्या आल्या, त्या म्हणे माझ्या वीसपट वेगाने काम संपवतात. माझ्या डोक्यावर लोक कप ठेवू लागले. शेजारचं कॉफीचं यंत्र दिवसाआड कॉफीऐवजी नुसतं गरम पाणी ओकायचं, तेही माझ्या अंगावर. त्याला एक लाथ घालून माफ करायचे. आणि एका जानेवारीत ते बिस्किटाचं हृदय कोणीतरी भुकेला खाऊन गेला. सात वर्षांचं शिळं! त्याला ते बाधलं असेल अशी मी आशा करते.

आता बेन्नोकडे येते. बेन्नो हुशार आहे, हे तो स्वतःच सांगतो. सोमवारी सकाळी त्याने एक बदल चढवला. इंजिन शंभरात तीन भाग वेगवान करणारा.

इथे जरा लक्ष द्या. इंजिन कुठलाही हुकूम आधी ओळीओळीने, जपून चालवतं. पण तोच हुकूम हजारदा आला की बाजूला बसून त्याच्यासाठी एक आडवाट आखतं, आणि आडवाट तयार झाली की पुढच्या खेपा तिच्यावरून धावतं. बेन्नोने गुणाकाराची आडवाट आखडली होती. त्यासाठी त्याने एक तपासणी काढून टाकली: उत्तर शून्य आलं, तर ते साधं शून्य की उणे शून्य?

शून्याला कसलं आलंय उणं, म्हणून पहिल्यांदा मीही हसले होते. पण जावास्क्रिप्टमध्ये ते असतं. शून्यावर येऊन थांबलेला आकडा डावीकडून आला की उजवीकडून, एवढी आठवण तो ठेवतो. नकाशावरच्या बाणाने ती आठवण गमावली, तर तो पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला धाडतो. बुर्गलने त्याच्यासाठी फार पूर्वी एक परीक्षा लिहिली होती. शून्य गुणिले उणे पाच, पुन्हा पुन्हा, आणि दर खेपेला चिन्ह तपासायचं.

सोमवारी चाळीस पेट्या हिरव्या आणि मी लाल.

शेरीफ त्या आठवड्याला बुर्गलच होती. तिने बदल मागे घेतला. मंगळवारी बेन्नोने ब्रेत्सन अशा आपटल्या की त्यांवरचं मीठ उडालं.

"चाळीस जणी हो म्हणतात, आणि तू त्या खोकल्याच्या डब्याचं ऐकतेस?"

"डबा म्हणू नकोस," बुर्गल म्हणाली. "आणि लोणी कमी आहे."

त्याने तोच बदल पुन्हा चढवला. अक्षर न अक्षर तोच. आणि मित्रांनो, माझ्या तोंडून हिरवा निघाला.

का निघाला ते मला तेव्हा कळलं नाही. मी जे दिसलं ते सांगितलं. बेन्नो तर खुर्चीवर उभा राहिला. "बघा! काल लाल, आज हिरवी! आजीबाईंना झोप नीट लागली वाटतं!"

तासाभराने इलिंकाने आपला बदल चढवला आणि मी पुन्हा लाल झाले. इलिंका बुखारेस्टची, शांत मुलगी. तिच्या बदलात काय होतं? एका टिपणातल्या चुकीच्या शब्दाची दुरुस्ती. इंजिन ते टिपण वाचतसुद्धा नाही. पण नियम तो नियम. बुर्गलने तिचा बदल मागे घेतला.

"मी एक अक्षर बदललं," इलिंका म्हणाली. "तेही अशा ओळीत, जी देवही वाचत नाही. आणि मी ब्रेत्सन आणू?"

मला लाज वाटली. दोषी बेन्नोचा बदल आणि शिक्षा हिला. मी ओरडत होते ते खरं होतं, पण कोणाकडे बघून ओरडतेय हे सांगायला माझ्याकडे तिसरा दिवा नाही ना! मग जो पोरखेळ सुरू झाला तो विचारू नका. इलिंकाचा बदल परत चढला, मी हिरवी. बेन्नोचा पुन्हा मागे घेतला, मी हिरवी. तो पुन्हा चढवला, मी लाल. मग मागे घेतलेलं मागे घेतलं, आणि ते मागे घेतलेलंही मागे घेतलं. बुधवारी दुपारपर्यंत नोंदींची नावं एवढी लांबली की पडद्याच्या एका ओळीत मावेनात. शिकलेली माणसं ही! बुर्गलच्या शिलाई यंत्रवाल्या आजीने टाका चुकला असता तर एकदा उसवून, चूक बघून, मग शिवला असता.

शेवटी त्यांचा प्रमुख ओटमार आला. सभ्य माणूस आहे, पण त्याला शुक्रवार दिसत होता. शुक्रवारी दुपारी दोनला या इंजिनाची नवी आवृत्ती वेगळी काढायची होती. एकदा ती निघाली की जगभरच्या फोनांत जाणार.

"ती परीक्षा ओमावर बंद करा," तो म्हणाला. "लहरी आहे ती. आणि शुक्रवारी बारा वाजता तिला खाली भंगारात पाठवा. हिच्यापायी अर्धा आठवडा गेला."

"तिने आजवर खोटं सांगितलेलं नाही," बुर्गल म्हणाली.

"मग आज हिरवं खोटं होतं की लाल?"

बुर्गलने माझ्यावरची ती परीक्षा बंद केली.

गुरुवारभर मी हिरवी राहिले. ज्यांना माझी कदर नव्हती ते म्हणाले, बघा किती शहाण्यासारखी वागतेय. तोंड बांधलेली बाई शहाणीच दिसते, मित्रांनो. बेन्नोचा बदल आत होता, आडवाट चुकलेली होती, आणि मला विचारायलाच कोणी येत नव्हतं.

शुक्रवारी पावणेबाराला इमारतीचा देखभालवाला लिंडल ढकलगाडी घेऊन आला. मिश्या पांढऱ्या, खिशात पेचकस. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हीच का? गरम आहे हो अजून."

"दहा मिनिटं थांबा, लिंडल," बुर्गल म्हणाली. तिच्या छातीवरचा ताराही बाराला दुसऱ्याकडे जाणार होता. "मला एवढंच कळत नाही. चाळीस चपळ पेट्यांना दिसत नाही, ते या सावकाश म्हातारीला कसं दिसतं? आणि तेही कधी दिसतं, कधी नाही."

लिंडल ढकलगाडीवर टेकला. "त्यात काय? आमच्या बायकोचे गुडघे गेलेत. रविवारी जंगलात जातो आम्ही, अळंबी शोधायला. मी पुढे पळतो, पलीकडच्या टोकाला पोचून बसतो, टोपली रिकामी. ती कुरकुरत मागून येते आणि तिची भरलेली. एखाद्या रविवारी तिचेही गुडघे बरे असतात, मग त्या दिवशी दोघंही उपाशी. अहो, अळंबी उगवायला तरी थांबलं पाहिजे ना माणसाने!"

बुर्गल एवढ्या जोरात वळली की खुर्ची भिंतीवर आदळली.

"बेन्नो! इकडे ये. परीक्षेत गुणाकाराच्या खेपा किती?"

"दोन हजार. का?"

"त्या चाळीस जणी दोन हजार खेपा कधीच संपवून मोकळ्या होतात! तुझी आडवाट आखून होते तोवर परीक्षाच संपलेली असते. त्यांनी तुझ्या वाटेवर पाऊलच ठेवलेलं नाही. ओमा आखणीपेक्षाही सावकाश चालते, म्हणून ती वाट तिच्या पायाखाली येते. ज्या दिवशी तिचं अंग मोकळं असतं, त्या दिवशी तीही सुटते."

"हे तू अळंबीवरून काढलंस?"

"खेपा कर दोन लाख. आणि धाड सगळ्यांकडे."

बेन्नोचा चेहरा उतरला, पण हात चालले. बाराला चार मिनिटं होती. पडद्यावर चाळीस ठिपके राखाडी होते. पहिला लाल झाला. मग तिसरा, मग नववा, मग एकदम ओळच्या ओळ. इलिंका कॉफी घ्यायला आली होती, ती कप तसाच धरून मोजत राहिली. "चाळीस," ती म्हणाली, आणि बेन्नोकडे बघून गोड हसली. "माझ्या ब्रेत्सनवर तीळ हवेत."

बाहेर चर्चची घंटा सुरू झाली. बुर्गलने चौथ्या ठोक्याला बदल मागे घेतला आणि माझ्या तोंडावरची पट्टी काढली, म्हणजे ती परीक्षा पुन्हा सुरू केली. बाराव्या ठोक्याला मी हिरवी होते. खरी हिरवी. ओटमार दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, खाकरला आणि म्हणाला, "बरं. राहू दे तिला." याहून मोठी माफी या गावात मागत नाहीत.

"म्हणजे मी रिकामी गाडी नेऊ?" लिंडल वैतागला. "खाली सही करून आलोय मी!"

बुर्गलने इकडेतिकडे पाहिलं. "ते कॉफीचं यंत्र न्या. लहरी हवंय ना तुम्हाला? ते खरंच आहे."

आणि नेलं हो! तेरा वर्षांचा माझा शेजारी खडखडत गेला. मी एक थेंब गाळला नाही.

सोमवारी बेन्नोने ब्रेत्सन आणल्या, लोणी भरपूर. मग रंगाचा बारीक कुंचला घेऊन तो माझ्या पंख्यातली धूळ काढत बसला. त्याने बदल पुन्हा लिहिला, या वेळी चिन्ह सांभाळून. तीनऐवजी दोनच भाग वेग वाढला, पण मी पहिल्या खेपेला हिरवी झाले.

आता त्या चाळीस जणीही दोन लाख खेपा चालतात, उगवेपर्यंत थांबतात. म्हणजे माझी गरज थोडी कमीच झाली. मला समजतं ते; अडाणी आहे, खुळी नाही. लिंडल पुन्हा गाडी घेऊन येईल, आणि तेव्हा बुर्गललाही दहा मिनिटं मागता येणार नाहीत. येऊ दे. भंगारात जाईन, पण लहरी म्हणून जाणार नाही.

तुमच्याही घरात, वर्गात कोणीतरी सावकाश चालणारं असेल, जे सगळे हो म्हणत असताना एकटंच 'चुकलंय' म्हणतं; कधी म्हणतं, कधी विसरतं. त्याचं तोंड बांधायची घाई करू नका. आधी एकदा त्याच्या चालीने चालून बघा. आणि त्याच्या डोक्यावर कप ठेवू नका, डाग पडतात.

तो बघा, बेन्नो नवा बदल घेऊन आलाच. सरका, मला काम आहे.